साठवलेले किलोमीटर

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एकाला जोरदार ठसका लागलेला, आणि त्याच्या शर्टावर सांडलेल्या चहाचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. तसं बघायला गेलं तर या सगळ्या प्रकरणात खापर फोडायला दुसरं डोकंच नाही. गाडी उत्तम होती, देणारी कंपनी सरळ होती, कागदावर सगळं छापलेलं होतं. माती खाल्ली ती मीच.

केलं काय? इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेतली, म्हणजे महिन्याच्या भाड्याने. भाडं न चुकता भरलं. आणि गाडी वर्षभर पार्किंगमध्ये पुसून ठेवली. चालवली नाही. का? तर किलोमीटर साठवत होतो! हसा, हसा. मला आता सवय झालीय.

पण त्याचं असं आहे, की माझा अर्धा जन्म भाड्याच्या घरांत गेला. डोंबिवलीत पूर्वेला आम्ही इतक्या खोल्या बदलल्या की पोस्टमनने आमची आशाच सोडलेली. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट, दलाली, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, सोडताना मालक रंगाचे पैसे कापणार, हे सगळं मला तोंडपाठ. नौपाड्यात एका पतपेढीत मी नोकरीला आहे. तिथे कोणाला घर भाड्याने घ्यायचं झालं की ॲग्रीमेंट आधी माझ्या टेबलावर येतं. राहायला जाण्याआधी भिंतींचे फोटो काढ, गळका नळ मालकाला दाखवून ठेव, डिपॉझिट कशाकशातून कापणार ते आधीच बोलून घे. माझा सल्ला घेतलेल्या एकाही माणसाचं डिपॉझिट आजवर बुडालेलं नाही, हे छाती ठोकून सांगतो.

मग मानपाड्याच्या बाजूला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. सामान लागायच्या आधी माझ्या बायकोने, स्वातीने, शेजाऱ्यांकडून हातोडी मागून आणली आणि हॉलच्या भिंतीत एक भला मोठा खिळा ठोकला. त्याला अजूनही काही टांगलेलं नाही. तिला तो नुसता ठोकायचा होता.

तर अशा घरात गाडी आली ती आईसाठी. माझी आई सत्तरीच्या पुढची. तिचं माहेर महाडच्या पुढे, आतल्या बाजूला. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चढण चढून घर. आयुष्यभर ती फाट्यावर उतरून, पिशव्या सावरत चालत गेली. आता गुडघे गेले. चढण राहू द्या, एसटीची पायरीच तिला चढवत नाही. आणि तिकडे तिचा मोठा भाऊ, आमचा मामा, ऐंशीच्या घरातला. त्याला मोतीबिंदू, त्याला प्रवास बंद. दोघं फोनवर बोलायची. फोन ठेवला की आई तो पदराने पुसत बसायची.

मी तिला कितीदा म्हणालेलो, की आई, सरळ टूरिस्ट गाडी करू, दारात बसायचं, मामाच्या अंगणात उतरायचं. तिचं एकच उत्तर असायचं.

"भाड्याच्या गाडीने मला माहेरी जायचं नाही."

का नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बाई माहेरी जाणार ती लेकाच्या गाडीतून, ताठ मानेने जाणार. एवढं न कळायला मी काय लहान आहे? मनाशी ठरवलं, की आईला आपल्या गाडीतून तिच्या भावाच्या अंगणात उतरवायचं. तिचे दिवस आहेत, त्याचे दिवस आहेत, तोवर.

ठरवायला पैसे पडत नाहीत. फ्लॅटचा हप्ता जाऊन जे उरायचं, त्यात गाडी विकत घ्यायची म्हणजे कठीणच होतं. त्यातून इलेक्ट्रिक घ्यावी तर सुरुवातीलाच मोठी रक्कम. तेवढ्यात ऑफिसात कोणीतरी म्हणालं, अरे, लीजवर घे ना. थोडं डिपॉझिट द्यायचं, महिन्याचं भाडं भरायचं, मुदत संपली की परत.

डिपॉझिट! भाडं! मुदत! मला एकदम माझ्या गावात आल्यासारखं वाटलं.

ठाण्यात त्या कंपनीचं ऑफिस. समोर एक तरुण मॅडम, लॅपटॉप उघडून बसलेल्या. अतिशय शांतपणे त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी अतिशय आत्मविश्वासाने त्यांना तोडायला. त्या म्हणाल्या, विमा आणि सर्व्हिसिंग भाड्यात धरलेलं आहे. मी म्हटलं, हो, म्हणजे घरपट्टी मालकाकडे. त्या म्हणाल्या, चार्जिंगची वीज तुमची, आणि सोसायटीत पॉइंट बसवून घ्यायचा खर्चही तुमचा. मी म्हटलं, लाइटबिल भाडेकरूचंच असतं. त्या म्हणाल्या, मध्येच गाडी परत केली तर मोठी रक्कम भरावी लागते. मी म्हटलं, लॉक-इन पिरियड, पुढे. परत देताना तपासणी होईल, रोजच्या वापराच्या पलीकडे काही खराब झालं असेल तर डिपॉझिटमधून कापलं जाईल. इथे मी नुसती मान हलवून हसलो. डिपॉझिटच्या गोष्टी मला सांगायच्या?

मग त्या म्हणाल्या, की वर्षाला अमुक इतके किलोमीटर ठरलेले असतात. कमी हवेत, जास्त हवेत, तसं भाडं बदलतं. ठरल्यापेक्षा जास्त चालवली तर पुढच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. हे मात्र मला नवीन होतं. भाड्याच्या घरात किती चालायचं यावर मर्यादा नसते.

"आणि सर, ठरलेले किलोमीटर वापरले नाहीत, तर..."

"तर उरले," मी म्हटलं. "मॅडम, त्यात काय समजवायचं? पुढचं बोला."

त्या क्षणभर थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे मला तेव्हा कौतुक वाटलं. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मी सही केली. ते अर्धं राहिलेलं वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

दसऱ्याला गाडी आली. डिलिव्हरी घेताना मी गाडीचे बाहेरून, आतून, सीटखालून, डिकीतून फोटो काढले. तिथला माणूस म्हणाला, पहिल्या गाडीचा आनंदच वेगळा असतो, सर. त्याला काय माहीत, मी भिंतींचे फोटो काढत होतो.

स्वातीला अर्थातच सगळं माहीत होतं. ती म्हणत होती, आईंना आत्ताच सांगून टाका, की गाडी लीजची आहे. मी म्हटलं, सांगू की, आधी एकदा माहेरी नेऊन आणतो, मग सांगू. भाड्याच्या गाडीने जायचं नाही म्हणते, उगाच आधीच का बोलायचं? स्वाती म्हणाली, बघा बाबा. तिचं हे 'बघा बाबा' पुढे नेहमी खरं होतं, पण माझ्या ते नेहमी नंतर लक्षात येतं.

सोसायटीच्या गेटात आई पूजेचं ताट घेऊन उभी. हळद, कुंकू, फुलं, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबू. आईने बोट कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला हात पुढे केला. माझ्या डोळ्यांसमोर तपासणी आली. कुंकवाचा डाग! पांढरी गाडी!

"थांब, आई," मी ओरडलोच जवळजवळ. धावत वर गेलो, मुलीच्या वह्यांना घालायचं पारदर्शक प्लास्टिक आणलं आणि बॉनेटवर अंथरलं. "आता काढ. रंग नवीन आहे ना, जरा कच्चा असतो."

आईने माझ्याकडे पाहिलं, प्लास्टिककडे पाहिलं, आणि मुकाट्याने प्लास्टिकवर स्वस्तिक काढलं. नारळ मी लांब, वॉचमनच्या केबिनपाशी फोडायला लावला, करवंटी उडून पोचा पडेल म्हणून. पूजा झाल्यावर प्लास्टिकची घडी करून स्वस्तिकासकट कपाटात ठेवलं. शेजारचे तावडे सगळं बघत होते. म्हणाले, वा, पद्धतशीर काम आहे. मला बरं वाटलं.

दसऱ्यानंतर तीन आठवड्यांवर भाऊबीज. आईने साडी काढून ठेवलेली. मामासाठी स्वेटर घेतलेला. मीही तयारीत होतो, पण एका संध्याकाळी सहज हिशोब करायला बसलो. जाऊन येऊन इतके किलोमीटर, शिवाय तिकडे इकडेतिकडे नेणं-आणणं आलंच. वर्ष अख्खं पडलंय पुढे. पहिल्याच महिन्यात एवढे उडवले तर अडीअडचणीला काय राहणार? कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? वर्षाच्या शेवटी जादा पैसे भरत बसायचं?

आता तुम्ही म्हणाल, कमाल झाली. पण मी पतपेढीतला माणूस. आमच्याकडे रजा साठवतात. मी आजवर सणावाराच्या पलीकडे रजा घेतलेली नाही, कारण न घेतलेली रजा खात्यात जमा होते आणि शेवटी तिचे पैसे मिळतात. माझ्या डोक्यात किलोमीटरही तसेच बसलेले. न चालवलेला किलोमीटर म्हणजे खात्यात पडलेला किलोमीटर. पुढच्या वर्षी डबल होतील, मग आईला घेऊन काय पंधरा दिवस जाऊ, कोकणभर फिरवू.

आईला म्हटलं, गाडीवर माझा हात अजून बसलेला नाही, घाटरस्ता आहे, शिमग्याला जाऊ. आई म्हणाली, बरं.

भाऊबीजेला तिने मोबाइल पाटावर उभा करून ठेवला. पलीकडे मामा, त्याला स्क्रीनवर काही नीट दिसत नव्हतं, तो भलतीकडेच बघत होता. आईने मोबाइलला ओवाळलं. मामा विचारत होता, झालं का ओवाळून? आई म्हणाली, झालं, दादा. स्वेटर तिने परत कपाटात ठेवला. मला त्या वेळी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खाली जाऊन गाडीचा मीटर पाहिला आणि जरा धीर आला.

पुढचं सगळं तसंच. शिमगा आला, म्हटलं गर्दी असते रस्त्याला. आंबे आले, म्हटलं ऊन फार आहे, बॅटरीला चांगलं नाही. गौरी-गणपती आले, म्हटलं खड्डे. नवरात्रात आईला टेंभी नाक्याच्या देवीला जायचं होतं, ते तर काही लांब नाही, पण म्हटलं तिथे पार्किंग मिळायचं नाही. मी स्वतः ऑफिसला पूर्वीसारखाच जात राहिलो. स्वाती भाजी आणायला रिक्षाने. सीटवरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसायचो, चार्ज बघायचो, आणि वर येऊन समाधानाने चहा प्यायचो.

पावसाळ्यात एकदा गाडी उघडेचना. कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, पुढचं झाकण उघडून म्हणाला, मोठी बॅटरी ठणठणीत आहे, ही दारं-दिवे चालवणारी लहान बॅटरी उभ्या-उभ्या उतरली. सर, अधूनमधून चालवत जा. फुकटात करून गेला, सर्व्हिसिंग भाड्यात होतं ना.

पण सोसायटीत काय पसरलं? आपल्या सोसायटीतला अमुक अमुक, त्याची इलेक्ट्रिक गाडी बंद पडलीय. आणली तेव्हापासून एका जागेवर आहे. धक्का मारायलाही कोणी मिळत नाही. लिफ्टमध्ये लोक मला सांत्वनाच्या सुरात विचारायला लागले. कमिटीच्या मीटिंगमध्ये आणखी चार्जिंग पॉइंट बसवायचा विषय निघाला, तर सेक्रेटरी म्हणाले, कशाला, एक बसवलाय त्याची काय गत आहे बघताय ना. मी उठून सांगितलं, की गाडी बंद नाही, मी ती वाचवतोय. त्यावर सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला. ते जास्त लागलं.

एकट्या तावड्यांचा माझ्यावर विश्वास. त्यांनाही पहिलीच गाडी घ्यायची होती. मला म्हणाले, तुम्ही या विषयातले जाणकार, मला जरा समजवा. मग काय विचारता! पार्किंगमध्ये उभं राहून मी त्यांना तासभर शिकवलं. विकत घेतलीत तर गाडी तुमची, पण सुरुवातीचे पैसे जड आणि जुनी झाल्यावर विकायचं डोकं तुमचं. लीजवर घेतलीत तर विमा-सर्व्हिसिंगची कटकट नाही, पण गाडी शेवटी त्यांची. कमी किलोमीटरचं घेतलंत तर भाडं कमी. आणि मुख्य गोष्ट, तावडे, किलोमीटर साठवायचे. तावडे मान डोलावत होते. त्यांनीही दसऱ्याच्या मुहूर्तावर लीजवरच गाडी आणली.

दसरा झाल्यावर ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. आई आत होती. तावडे पेढा देता देता म्हणाले, "तुम्ही फार उपयोगाचं सांगितलंत हो. फक्त ते साठवण्याचं काही जमणार नाही असं दिसतं. त्या मॅडम म्हणाल्या, वर्ष संपलं की उरलेले किलोमीटर बुडतात."

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

तावडे गेल्यावर गॅलरीत जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी आवाज ओळखला. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, त्याबद्दल मी त्यांना मानतो. मग म्हणाल्या, "सर, त्या दिवशी मी तेच सांगत होते. तुमच्यासारख्या कमी वापराला सगळ्यात लहान पर्यायसुद्धा जास्त झाला असता. तुम्ही मधला घेतलात."

म्हणजे कळलं का तुम्हाला? न चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरचं भाडं मी आधीच भरलेलं होतं. वाचवत काहीच नव्हतो. दर महिन्याला पैसे देऊन गाडी उभी करत होतो.

"वर्ष पुरं व्हायला किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"आठवडा, सर."

मग जे सुरू झालं, ते बघायला तुम्ही हवे होतात. दुसऱ्या दिवशी मी गाडीने नौपाड्याला ऑफिसला निघालो. शिळफाट्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये जो अडकलो, की विचारू नका. आणि तिथे मला दुसरं ज्ञान झालं. ट्रॅफिकमध्ये दिवस जातो, किलोमीटर हलत नाहीत! संध्याकाळी येताना मुद्दाम कल्याणला वळसा घातला. स्वातीला म्हटलं, चल, भाजीला सोडतो. ती म्हणाली, भाजी कोपऱ्यावर मिळते. म्हटलं, टिटवाळ्याची ताजी असते. वॉचमनला त्याच्या घरी सोडलं. तावड्यांना स्टेशनला सोडायला गेलो, तर ते म्हणाले, अहो, माझी स्वतःची गाडी आहे आता. म्हटलं, असू द्या, बसा. सोसायटीत बातमी बदलली. गाडी दुरुस्त झाली, पण माणूस बिघडला.

तिसऱ्या दिवशी घरी येऊन सोफ्यावर बसलो. कपाट उघडं होतं आणि त्यात मामाचा स्वेटर दिसत होता, दुकानाच्या पिशवीतच. माझ्या खात्यावर पडलेले ते सगळे किलोमीटर. भाऊबीजेचे, शिमग्याचे, आंब्यांचे, गौरीचे. ते आता कल्याणच्या वळशांनी भरून निघणार होते होय?

आईला म्हटलं, उद्या पहाटे मामाकडे निघू.

"अरे, भाऊबीज तर आलीच पंधरवड्यावर. तेव्हाच जाऊ की."

"तेव्हाही जाऊ. पण उद्या निघू."

आई उठली. स्वेटरची पिशवी बाहेर काढून दारापाशी ठेवली.

सकाळी निघालो. स्वातीने मी गाडीपाशी यायच्या आत सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं आणि मला काही बोलायची सोय ठेवली नाही. आई पुढे बसली. खिडकीची काच खाली करून सगळा रस्ता बघत होती. मला म्हणाली, आवाज किती कमी आहे रे, बोलायला बरं. माणगावच्या अलीकडे एका हॉटेलात चार्जिंगची सोय होती, तिथे गाडी लावली. आता तिला चार्ज व्हायला वेळ लागणार, तोवर गाडी हलणार नाही, मलाही कुठे पळता येणार नाही. स्वाती चहा सांगायला म्हणून उठली ती मुद्दाम तिकडेच थांबली.

म्हटलं, होऊन जाऊ दे.

"आई, एक सांगायचं राहिलंय. ही गाडी आपली नाही. भाड्याची आहे. तू भाड्याच्या गाडीने माहेरी जायचं नाही म्हणालेलीस, म्हणून बोललो नाही."

आई शांतपणे बशीत चहा ओतत होती.

"माहीत आहे मला," म्हणाली. "प्लास्टिकवर स्वस्तिक काढायला लावलंस ना, त्याच दिवशी कळलं. स्वतःच्या वस्तूला माणूस इतकं घाबरत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते." तिने बशी खाली ठेवली. "आणि मिलिंद, भाड्याची गाडी नको म्हणजे काय वाटलं तुला? मला मिरवायचं होतं? अरे, तुझे बाबा असताना एकदा आम्ही गेलेलो तशी गाडी करून. दादाकडे पानावर बसलेले मी, आणि तो ड्रायव्हर दारात येऊन सारखा सांगतोय, मावशी, उशीर होतोय, मावशी, किलोमीटर जास्त झाले. अर्ध्या जेवणावरून उठले. दादा फाट्यापर्यंत गाडीमागे चालत आला. तेव्हा ठरवलं, माहेरी जाताना मीटर बघणारं माणूस बरोबर नको. गाडी कोणाची का असेना."

माझी नजर आपोआप चार्जिंगच्या आकड्याकडे गेली.

"आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं आपण," ती म्हणाली. "तिथेच तुझं लग्न झालं, तिथेच तुझ्या मुलीचं बारसं झालं. पाहुण्यांना कधी सांगितलं का, की येऊ नका, फरशी झिजेल? मालकाचं घर होतं, पण दिवस आपले होते ना?"

तिचा आवाज जराही चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. खोल्या मीही तिच्याबरोबर बदललेल्या. मला त्यातलं फक्त डिपॉझिट आठवत होतं.

दुपारी मामाच्या अंगणात गाडी शिरली. फाटा मागे गेला तेव्हा आईने मान वळवून बघितलं, बस. अंगणात वहिनी, म्हणजे मामाची सून, भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो आईवरून ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, आणि बॉनेटवर चांगली मूठभर हळद-कुंकू चोपडलं. पांढऱ्या गाडीवर ते पाण्याबरोबर ओघळत खाली आलं. मी बघत राहिलो. हात शिवशिवत होते, पण बघत राहिलो.

आई पडवीत गेली. मामा खुर्चीत बसलेला. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाला, आलीस गं? आईने त्याला स्वेटर घातला, त्या उकाड्यात! मग पाट मांडायला सांगितला.

मामा म्हणाला, "आज कसली भाऊबीज?"

"गेल्या वर्षीची राहिलीय," आई म्हणाली. "ती आज करते. या वर्षीची करायला पंधरा दिवसांनी येईन."

ओवाळून झालं. मामाने खुर्चीतल्या उशीखालून नोट काढून तबकात टाकली. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत बसली. स्वातीही तिथेच टेकलेली. मला तिथे थांबवेना, डोळे भरून यायला लागले, म्हणून मी अंगणात आलो. आता मोकळं काय उभं राहायचं? पांढरा शर्ट, हातात फडकं, गाडी समोर. नकळत आरशावरचा एक शिंतोडा पुसला. मग दार उघडून आत वाकलो आणि किती किलोमीटर झाले ते बघितलं. जुनी सवय हो, दुसरं काय?

पडवीतून मामाचा आवाज आला. त्याला मोतीबिंदूतून एवढंच दिसत असणार, की गाडीपाशी कोणीतरी उभं आहे.

"अगं सूनबाई, त्या ड्रायव्हरला पण चहा दे. कधीचा ताटकळतोय बिचारा."

वहिनी दारातच थबकली. स्वातीने पदर तोंडाला लावला. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा. आईने पडवीतून माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मामाला म्हणाली,

"हो, दे त्याला. माणूस चांगला आहे, दादा. फक्त मीटर फार बघतो."